जॅझवाल्यांचं लहानपण: चित्रपुस्तकं शोधायची कशी, वाचायची कशी

थोरली तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. शाळेतून एक कागद घरी आला: एक चरित्र वाचा, पाच ओळी लिहा आणि त्या माणसाचा वेष करून वर्गात उभे राहा. तिने लुई आर्मस्ट्राँग हा जॅझचा ट्रम्पेटवादक-गायक निवडला, कारण गाल फुगवायला मिळणार होते. (गालच फुगवायचे होते तर डिझी गिलेस्पी हा दुसरा ट्रम्पेटवाला घ्यायला हवा होता, हे मला फार उशिरा कळलं.) वाचनालयातून एक चित्रपुस्तक आणलं, त्यातून जन्मतारीख उतरवली: ४ जुलै १९००. वर्गात आणखी एक आर्मस्ट्राँग उभा होता. त्याच्या पाटीवर होतं ४ ऑगस्ट १९०१. दोघांनीही छापील पुस्तकातूनच घेतलेलं. घरी आल्यावर तिने दप्तर आपटलं आणि म्हणाली, "आई, तू दिलेलं पुस्तक खोटं आहे."

तेव्हापासून मी या पुस्तकांच्या मागे लागले. माझं स्वतःचं लहानपण विविध भारतीवर आणि आजीच्या नाट्यगीतांवर गेलं. जॅझ म्हणजे हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते, एवढीच माझी अक्कल. आता चार वर्षं झाली, तीसेक पुस्तकं दोन्ही पोरांना वाचून झाली, आणि करायच्या तेवढ्या चुका करून झाल्या. अमेरिकेत नव्याने आलेल्या आणि हातात असाच कागद पडलेल्या आईबाबांसाठी हे लिहितेय. भारतात राहून मुलांना हे वाचून दाखवायचं असेल, तर पहिल्या पायरीतला थोडा भाग सोडून बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

आधी हा प्रकार काय ते थोडक्यात. बत्तीस किंवा चाळीस पानांचं पुस्तक, पानभर चित्रं, प्रत्येक पानावर चार-सहा ओळी. गोष्ट एका खऱ्या वादकाची किंवा गायिकेची, पण बहुतेकदा फक्त लहानपणाची: पहिलं वाद्य हातात कसं आलं, घरात काय ऐकू यायचं, पहिल्यांदा लोकांसमोर कधी वाजवलं. पोर मंचावर चढलं की पुस्तक संपतं. उरलेलं आयुष्य शेवटच्या पानावर बारीक टायपात असतं. त्या बारीक टायपाबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

लागणाऱ्या गोष्टी

- वाचनालयाचं कार्ड. त्यासाठी फोटो असलेलं ओळखपत्र (पासपोर्ट बहुतेक ठिकाणी चालतो) आणि पत्त्याचा पुरावा: घरभाड्याचा करार किंवा विजेचं बिल. नव्याने आलेल्यांची इथे हमखास अडचण होते, कारण बिलं नवऱ्याच्या नावावर आणि वाचनालयात गेलेली बायको. करारावर दोघांची नावं असतील तर तोच न्या.
- गाणं ऐकायला फोन आणि जमलं तर एखादा छोटा स्पीकर. फोनच्या स्पीकरवर खर्जातला बेस ऐकूच येत नाही.
- चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या.
- अमेरिकेचा नकाशा. भिंतीवरचा असेल तर फारच छान.
- कोरे कागद आणि रंग, शेवटच्या पायरीसाठी.

१. पुस्तक कुठल्या फडताळात आहे ते आधी समजून घ्या

पहिल्या खेपेला मी अर्धा तास मुलांच्या विभागात फिरले आणि रिकाम्या हाताने परत आले. कारण ही पुस्तकं एका जागी नसतात. काही चित्रपुस्तकांच्या फडताळात, लेखकाच्या आडनावाने लावलेली. काही चरित्रांत, तीही ज्याचं चरित्र त्याच्या आडनावाने. आणि काही थेट संगीतात, जिथे जॅझचा वर्गीकरण क्रमांक ७८१.६५ आहे. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनच्या बालपणावरचं 'बिफोर जॉन वॉज अ जॅझ जायंट' हे पुस्तक घ्या. लेखिका कॅरोल बोस्टन वेदरफर्ड. एका वाचनालयात ते वेदरफर्डच्या 'डब्ल्यू'त सापडेल, दुसऱ्यात कोलट्रेनच्या 'सी'त. म्हणून फडताळं धुंडाळू नका. संगणकावर वादकाचं नाव टाका, मुलांची पुस्तकं एवढाच पर्याय ठेवा, आणि तिथूनच राखून ठेवा. तुमच्या शाखेत नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून देतात.

सापळा: फेब्रुवारीत ही पुस्तकं मिळत नाहीत. सगळ्या शाळांचे कागद एकदम सुटतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाव नोंदवा. एप्रिल हा जॅझचा महिना म्हणून साजरा होतो, तेव्हाही थोडी गर्दी असते. मे ते डिसेंबर फडताळ तुमचंच.

भारतात असाल तर नवी प्रत परदेशातून मागवावी लागते आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात. 'ओपन लायब्ररी'वर काही जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती खातं उघडून तासाभरासाठी फुकट वाचता येतात. लॅपटॉप टीव्हीला जोडला तर चित्रं बऱ्यापैकी दिसतात.

२. माणूस मुलाला निवडू द्या, वाद्यावरून

"तुला ड्यूक एलिंग्टनबद्दल वाचायचंय का?" असं पाच वर्षांच्या पोराला विचारून काही उपयोग नाही; एलिंग्टन पियानोवाला होता हे त्याला कुठे माहीत? "पुढे-मागे सरकणारं वाजवायचं की तोंडाने फुंकायचं की बोटांनी बडवायचं?" असं विचारा. आमच्या धाकट्याने क्षणात ट्रॉम्बोन निवडला.

ट्रॉम्बोनवाल्यांची दोन पुस्तकं मी कुणालाही डोळे झाकून देईन. एक 'ट्रॉम्बोन शॉर्टी'. हे ट्रॉय अँड्र्यूज या वादकाने स्वतःच्याच लहानपणावर लिहिलंय. तो १९८६ सालचा, न्यू ऑर्लिन्सच्या ट्रमे मोहल्ल्यातला. आधी पोरांनी मिळून टाकाऊ सामानाची वाद्यं केली, मग एक मोडका ट्रॉम्बोन मिळाला. तो त्याच्यापेक्षा लांब होता, म्हणून मोठ्या भावाने नाव ठेवलं शॉर्टी. चार वर्षांचा असताना न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात बो डिडली या गिटारवाल्या गायकाने त्याला मंचावर बोलावलं. ब्रायन कॉलियरची चित्रं कात्रणं चिकटवून, रंगवून केलेली आहेत, नुसती बघत बसावीत अशी.

दुसरं 'लिटल मेल्बा अँड हर बिग ट्रॉम्बोन'. मेल्बा लिस्टन, जन्म १९२६, कॅन्सस सिटी. सातव्या वर्षी ट्रॉम्बोन मागितला, आठव्या वर्षी रेडिओवर वाजवला. ट्रॉम्बोनची दांडी सात ठिकाणी थांबते, आणि सातवी जागा इतकी लांब की लहान मुलाचा हात पोचतच नाही. आमच्याकडे झाडूच्या दांड्याला खडूने सात खुणा केल्या आणि दोघांनी हात ताणून बघितले. धाकटा चौथीवर अडकला. थोरली सहावीपर्यंत गेली, तेही खांदा पुढे काढून. त्यानंतर मेल्बाचं चित्र ती बराच वेळ बघत होती.

वयाचा अंदाज असा. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करवरचं, ख्रिस राश्काचं 'चार्ली पार्कर प्लेड बी बॉप' (१९९२). यात चरित्र शोधायला जाऊ नका. नुसते आवाज आहेत आणि वाट बघणारं मांजर आहे. पाच ते सात: कोलट्रेन आणि शॉर्टी. त्यापुढे मेल्बा, पियानोवाली मेरी लू विल्यम्स, गायिका एला फिट्झजेराल्ड. गिटारवाला जँगो राइनहार्ट नऊच्या पुढे, कारण १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला लागलेली आग आणि भाजलेला हात या गोष्टी लहानग्यांच्या स्वप्नात येतात. (नाव 'ड'शिवाय, जँगो असंच म्हणायचं.)

सापळा: मुखपृष्ठावरचा चंदेरी किंवा सोनेरी शिक्का. कॅल्डेकॉट हा अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा पुरस्कार चित्रांसाठी असतो. 'ट्रॉम्बोन शॉर्टी'ला २०१६ मध्ये त्याचा ऑनर, म्हणजे पहिल्या मानाखालचा मान, मिळाला तोही चित्रांसाठी. मजकूर खरा आहे की नाही, हे तो शिक्का सांगत नाही.

३. पुस्तक आधी एकटीने वाचा, तेही शेवटच्या पानापासून

ही पायरी मी पहिल्या वर्षी गाळली आणि तोंडघशी पडले. झोपायच्या वेळी डिझी गिलेस्पीचं पुस्तक उघडलं. रंगीत चित्रं, मजेशीर नाव. दोन-चार पानांत बाप पोराला मारतोय. डिझी १९१७ सालचा, साउथ कॅरोलायनातल्या चेरॉ गावचा, आणि घरी मार खाणं हे त्याच्या लहानपणातलं खरंच वास्तव होतं. मी दोन पानं एकदम उलटली. थोरलीने शांतपणे हात घालून ती परत उलटली आणि म्हणाली, "हे राहिलं."

आता मी आधी वाचते आणि जिथे थांबावं लागेल तिथे पिवळी चिठ्ठी लावते. या पुस्तकांत नेहमी येणारी अवघड पानं तुम्हाला आधीच सांगून ठेवते. एलाची आई ती पंधरा वर्षांची असताना गेली, मग अनाथाश्रम, सुधारगृह, आणि काही काळ रस्त्यावर. पियानोवाला आर्ट टेटम जवळजवळ आंधळा होता. कोलट्रेन बारा वर्षांचा असताना काही महिन्यांत वडील आणि आजोबा दोघेही गेले. आर्मस्ट्राँगने १९१२ च्या शेवटच्या रात्री हवेत पिस्तूल झाडलं आणि अकरा वर्षांच्या त्या पोराला सुधारगृहात टाकलं. पिट्सबर्गला मेरी लू विल्यम्सच्या घरावर गोऱ्या शेजाऱ्यांनी विटा फेकल्या. जुन्या पुस्तकांत जँगोच्या रोमा समाजासाठी 'जिप्सी' हा शब्द येतो. तो त्या लोकांना बाहेरच्यांनी दिलेला आहे आणि बऱ्याच जणांना आवडत नाही, एवढं सांगून पुढे जा.

विटांच्या पानावर थोरलीने विचारलं, "आपल्याकडे असं होतं?" मला उत्तर तयार ठेवायला हवं होतं, नव्हतं. मग महाडचं चवदार तळं सांगितलं, २० मार्च १९२७, आणि पाणी प्यायला म्हणून लोक का चालत गेले ते सांगितलं. त्या रात्री पुस्तक अर्धंच राहिलं. त्यामुळे तुम्ही हे उत्तर आधी मनाशी जुळवून ठेवा. प्रश्न येणारच.

४. खरं किती, रचलेलं किती

दप्तर आपटण्याचं कारण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नव्या शतकाचं साल, सांगायला झकास. १९७१ मध्ये तो वारला तोवर तेच खरं मानलं गेलं. त्यानंतर दीडेक दशकाने न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद सापडली: ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे मुलीच्या पुस्तकाने लबाडी केली नव्हती. त्याने जे सांगितलं तेच छापलं होतं. जुनं पुस्तक, जुनी तारीख. आपल्याकडेही शाळेत नाव घालताना १ जूनला जन्मलेली किती माणसं तयार झाली! माझे सासरेही त्यातलेच. हे सांगितल्यावर थोरलीचा राग गेला.

त्याहून गुंतागुंतीचं प्रकरण पहिल्या वाद्याचं. एका पुस्तकात आर्मस्ट्राँग कार्नॉफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगार-कोळशाच्या गाडीवर काम करतो, पत्र्याची पिपाणी फुंकतो, आणि ते त्याला गहाणवटीच्या दुकानातलं पाच डॉलरचं कॉर्नेट (ट्रम्पेटचं आखूड भावंड) घ्यायला उसने पैसे देतात. दुसऱ्यात सुधारगृहातले पीटर डेव्हिस त्याच्या हातात वाद्य देतात. मुलं विचारतात, खरं कुठलं? दोन्ही घडलेलं आहे. कार्नॉफ्स्कींची हकिगत त्याने स्वतःच लिहिली, पण १९६९ मध्ये, इस्पितळात असताना, साठ वर्षांपूर्वीचं आठवून. बत्तीस पानांत एकच 'पहिलं वाद्य' मावतं, म्हणून लेखक एक उचलतो आणि दुसरं सोडतो.

आता मुलीने केलेली तपासणी सांगते, कारण ही पद्धत चालते. दोन पुस्तकं शेजारी उघडायची. जिथे जुळत नाही तिथे चिठ्ठी. मग शेवटचं बारीक टायपातलं पान, ज्यात लेखक स्वतः सांगतो की काय माहीत आहे आणि काय कल्पनेने भरलं. हे पान मुळीच नसेल तर ते पुस्तक गोष्ट म्हणून वाचा, शाळेच्या कागदासाठी वापरू नका. छापल्याचं सालही बघा.

आणखी तीन खुणा. पहिली, अवतरणचिन्हांतले संवाद. १९१० सालच्या स्वयंपाकघरात आई काय म्हणाली हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. दुसरी, 'मी' करून सांगितलेली गोष्ट. 'पियानो स्टार्ट्स हिअर'मध्ये आर्ट टेटम स्वतः बोलतो, पण लिहिलंय रॉबर्ट अँड्र्यू पार्करने, २००८ मध्ये. टेटम १९५६ मध्येच गेला. तिसरी, निवेदक कोण. एलावरच्या एका सुंदर पुस्तकाची गोष्ट मांजर सांगतं. मांजराने सांगितलेल्या तारखा गृहपाठात लिहू नयेत, असं मी म्हटल्यावर धाकटा इतका हसला की वाचन थांबलं.

न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागात असाल तर क्वीन्समधल्या करोना भागात आर्मस्ट्राँगचं घर आहे. १९४३ पासून तो तिथेच राहिला. आता ते संग्रहालय आहे. स्वयंपाकघर निळं आहे आणि मुलांना तेवढंच आठवतं.

५. मराठीत वाचताना कुठे अडखळाल

पुस्तकं इंग्रजीत, घरात मराठी. मी चित्र दाखवून मराठीतच सांगते आणि एखादी ठेक्यातली ओळ तेवढी मूळ इंग्रजीत म्हणते. शब्दशः भाषांतर केलं की गंमत होते.

'हॉर्न' हा शब्द सगळीकडे येईल. शिंग नाही, गाडीचा भोंगाही नाही. जॅझवाले फुंकायच्या कुठल्याही वाद्याला हॉर्न म्हणतात, सॅक्सोफोनलासुद्धा. मी सरळ 'बाजा' म्हणते. लग्नातला बँड बघितलेल्या मुलांना तो लगेच समजतो. आर्मस्ट्राँगचं पहिलं वाद्य कॉर्नेट होतं. ते ट्रम्पेटपेक्षा आखूड आणि गोंडस असतं. चित्रकार पुष्कळदा ट्रम्पेटच काढतात. आपल्या बँडवाल्यांकडेही कॉर्नेट असतं, तेव्हा शब्द बदलायची गरज नाही.

ट्रॉम्बोनचा घसरता सूर ही चक्क मींड. घरात कुणी गाणं शिकत असेल तर हा शब्द वापराच. स्कॅट, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांचं गाणं, समजावताना मी आधी तराण्याचं उदाहरण दिलं. ते अर्धवटच बसतं. तराणा बांधलेला असतो, स्कॅट बहुधा जागच्या जागी सुचलेलं. पण मुलांना दार उघडायला पुरतं. 'ब्लूज'चं भाषांतर करू नका. निळे म्हणालात तर चित्रात निळं शोधत बसतील.

मेरी लू विल्यम्सची गोष्ट मात्र आपल्याकडे अलगद उतरते. ती अगदी लहान, आईच्या मांडीवर. आई वाजवतेय पायाने भाता मारायचा ऑर्गन. आईने सूर सोडला आणि पोरीने हात पुढे करून तोच सूर वाजवला. आई इतकी दचकली की पोर मांडीवरून पडली आणि ती शेजाऱ्यांना बोलवायला धावली. ते वाद्य म्हणजे आपली संगीत नाटकातली पायपेटी. माझ्या आजीने बालगंधर्वांच्या पदांना ज्याची साथ ऐकली ते. मी पायपेटी म्हटलं, गुगलवर चित्र दाखवलं, आणि अटलांटात १९१० मध्ये जन्मलेली मुलगी अचानक ओळखीची झाली.

'ट्रॉम्बोन शॉर्टी'त न्यू ऑर्लिन्सच्या लोकांचं अभिवादन पुन्हा पुन्हा येतं, "व्हेअर याट?" शब्दशः 'कुठे आहेस', पण विचारायचं असतं कसं चाललंय ते. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर मी "काय म्हणताय मंडळी?" असं केलं. आता सकाळी धाकटा स्वयंपाकघरात येतो तो हेच ओरडत.

नावांबद्दल एक. आपण 'लुई' म्हणतो, बरेच अमेरिकनही म्हणतात. तो स्वतः 'लुइस' म्हणायचा. 'हॅलो, डॉली!'च्या सुरुवातीला कान देऊन ऐका, शेवटचा 'स' स्पष्ट येतो.

६. आधी पुस्तक, मग आवाज

सुरुवातीला मी वाचताना मागे गाणं लावायचे. वातावरण तयार होईल म्हणून. काहीही होत नाही. मूल धड ऐकत नाही, धड चित्र बघत नाही. पुस्तक मिटा, दिवा थोडा कमी करा, आणि एकच तुकडा ऐकवा.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची. मुलांच्या सबुरीला हे माप अगदी बरोबर बसतं, म्हणून १९२० ते १९४० मधली गाणी घ्या. माझी यादी:

- आर्मस्ट्राँग: 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८). पहिले काही सेकंद तो एकटा वाजवतो. तेवढंच दोनदा ऐकवा.
- एला: 'अ-टिस्केट, अ-टास्केट' (१९३८). मुळात लहान मुलांचं खेळातलं गाणं, त्यामुळे लगेच जमतं.
- टेटम: 'टायगर रॅग' (१९३३). ऐकल्यावर विचारा, किती जण वाजवतायत? आमच्याकडे उत्तर आलं, चार.
- एलिंग्टनचं वाद्यवृंद: 'टेक द ए ट्रेन' (१९४१). रचना बिली स्ट्रेहॉर्नची.

कोलट्रेन शेवटी. 'माय फेव्हरिट थिंग्ज' (१९६१) तेरा मिनिटांहून जास्त आहे. पहिली दोन मिनिटं ऐकवून थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी पुस्तकच नको म्हणतील. आणि जाहिराती येणारं ॲप असेल तर गाणं आधीच डाउनलोड करून ठेवा. आर्मस्ट्राँगनंतर गाडीच्या विम्याची जाहिरात लागली की सगळं मुसळ केरात.

७. "बघ, ते किती मेहनत करायचे" हे वाक्य गिळा

माझी सगळ्यात मोठी चूक. एला एकवीस नोव्हेंबर १९३४ ला हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरली, सतरा वर्षांची. आली होती नाचायला. तिच्या आधी नाचलेल्या बहिणी इतक्या भारी निघाल्या की तिने ऐनवेळी गायचं ठरवलं, आणि जिंकली. इतकं सुरेख पान आणि मी म्हणाले, "बघ, आणि तू पेटीच्या क्लासला जायला रडतेस." थोरलीने पुस्तक मिटलं. दोन आठवडे तिने या फडताळाकडे बघितलं नाही.

गंमत म्हणजे या पुस्तकांतली पोरं काही आज्ञाधारक नाहीत. ड्यूक एलिंग्टनला मिसेस क्लिंकस्केल्सच्या पियानोच्या शिकवणीपेक्षा बेसबॉल आवडायचा. तो मैदानावर शेंगदाणे विकायला जायचा. (बाईंचं आडनाव खरंच क्लिंकस्केल्स होतं. धाकट्याला ते पाठ आहे.)

त्यापेक्षा कोलट्रेनचं पुस्तक घ्या आणि त्यातली युक्ती उचला. त्या अख्ख्या पुस्तकात छोटा जॉन फक्त ऐकतो. आजीच्या पातेल्यात खडखडणारी हाडं, वडिलांचं युकुलेली, आईने वाजवलेली प्रार्थनागीतं, आजोबांचं रविवारचं प्रवचन, आगगाडीची शिट्टी, मेरी नावाच्या मावस बहिणीचं हसणं. पुढे त्याने 'कझिन मेरी' नावाची रचनाच केली. वाचून झालं की मुलांना डोळे मिटून पाच मिनिटं बसवा आणि घरात काय ऐकू येतं ते लिहायला सांगा. आमच्या यादीत होतं: कुकरची तिसरी शिट्टी, बाबांचं मीटिंगमधलं 'येस येस', हीटर चालू होतानाचा 'ढब्', पोळपाटावर लाटणं फिरताना होणारी टकटक. ती टकटक एका ठेक्यात असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

८. स्वतःचं आठ पानी पुस्तक

एक मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पानं होतात. माणूस घरातला किंवा ओळखीचा घ्यायचा. गोष्ट त्याच्या लहानपणीची. नियम दोन: शेवटच्या पानावर 'काय खरं, काय रचलं' लिहायचं, आणि तो माणूस हयात असेल तर त्याला वाचून दाखवायचं.

गोव्याशी नातं असेल तर तुमच्याकडे खजिनाच आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथून तयार झालेली पोरं मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडांत आणि मग सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ मुंबईत ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट झाला. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि तो पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. 'अलबेला'ची (१९५१) गाणी लावा आणि ट्रम्पेट कुठे आहे ते मुलांना शोधू द्या.

आमच्याकडे थोरलीने माझे वडील निवडले. ते शाळकरी वयात सांगलीकडे काकांच्या लग्नाच्या बँडमध्ये झांजा वाजवायचे. पुढे क्लॅरोनेट हातात आलं आणि मग नोकरी लागली, तेव्हा सुटलं. तिने चार रविवार फोनवर विचारून विचारून लिहिलं. चौथ्या पानावर वरातीत चालणारा छोटा मुलगा, डोक्यावर पिवळी टोपी.

व्हिडिओ कॉलवर तिने सगळं वाचून दाखवलं. वडील गप्प ऐकत होते. चौथं पान आल्यावर म्हणाले, "बाळा, टोपी लाल होती गं. पिवळी काकांची." तिने पेन्सिल उचलली, शेवटच्या पानावर 'काय रचलं'खाली लिहिलं 'टोपी', आणि लाल खडू शोधायला गेली.